आधी ‘कऱ्हाड’ टाइप करून दाखवा

कुठल्याही कार्यालयात जा. संगणकापुढं बसलेल्या माणसाला नम्रपणे सांगा, "साहेब, आपल्या गावाचं नाव टाइप करता का? कराड नको, कऱ्हाड. तो आडव्या रेघेचा अर्धा र असलेलं."

पुढं काय होतं ते मी अनेक वर्षं बघतोय. आधी इंग्रजी बटणांवर के-ए-आर-एच-ए-डी बडवलं जातं. पडद्यावर ‘कर्हाड’ उमटतं, डोक्यावर रफार घेऊन. ते खोडलं जातं. परत बडवलं जातं, परत रफार. शेवटी कुठल्यातरी बातमीतून आयता शब्द उचलून चिकटवतात, नाहीतर "कराडच टाकू की, चालतंय" म्हणून विषय मिटतो.

आता कराड काही चुकीचं नाही. बोलताना आपण सगळेच कराड म्हणतो. पण ज्याला कऱ्हाड लिहायचंय त्याला ते लिहिता आलं पाहिजे का नको? आणि प्रश्न एका गावाच्या नावाचा नाही. शेतकऱ्याला, कर्मचाऱ्यांना, दुसऱ्याचा, गिऱ्हाईक, खोऱ्यात, या सगळ्यांत तोच र आहे. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. कोयनेच्या खोऱ्यात दऱ्या आहेत, दर्या नाही. हा फरक ज्या मशीनवर सरळ लिहिता येत नाही, त्या मशीनवर आपला सगळा सरकारी कारभार चाललाय.

पोस्ट मोठी आहे मंडळी. चहा घेऊन वाचा, पण वाचा.

माझं टायपिंग-झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. गेल्या पावसाळ्यात मी घरी बसून एक वायरलेस की-बोर्ड बनवला, प्रत्येक बटणावर मराठी अक्षर असलेला. हौस होती हे खरं, पण नुसती हौस नव्हती. आणि तो बनवताना जे कळलं ते सांगायलाच ही पोस्ट लिहितोय: आपल्या टेबलावर मराठी की-बोर्ड नसण्यामागं तंत्रज्ञानाचा काडीचाही संबंध नाही. अडलंय ते फक्त शाईवर. आणि ती शाई मागायला तोंड न उघडणाऱ्या आपल्यावर.

*की-बोर्ड म्हणजे असतं काय?*

आत बघितलं तर फार काही नसतं. ६१ बटणं. प्रत्येक बटणाखाली एक स्विच. प्रत्येक स्विचपासून वेगळी तार चिपपर्यंत न्यायची म्हटली तर ६१ तारा होतील, आणि तेवढ्या जागा छोट्या चिपवर नसतात. म्हणून जाळी करतात. ५ आडव्या ओळी, १४ उभे रकाने. शेतातल्या सऱ्या-वाफ्यासारखं. एकूण १९ तारांत काम भागतं. चिप एकेका ओळीत वीज सोडते आणि कुठल्या रकान्यातून ती बाहेर पडली ते बघते. सेकंदाला शेकडो वेळा ही फेरी चालू असते. तिसऱ्या ओळीतून सोडलेली वीज आठव्या रकान्यात मिळाली, की चिपला कळतं कुठलं बटण दाबलंय.

प्रत्येक स्विचला एक डायोड लावावा लागतो. १एन४१४८ नावाचा, रुपया-दोन रुपयांचा. वीज एकाच दिशेनं जाऊ देतो. तो नसेल तर तीन-चार बटणं एकदम दाबल्यावर वीज उलट्या वाटेनं फिरते आणि न दाबलेलं बटणही दाबल्यासारखं दिसतं. ६१ डायोड हातानं डाग देऊन जोडले, तीन संध्याकाळी गेल्या.

चिप घेतली एनआरएफ५२८४०. पोरांच्या प्रोजेक्टमध्ये सगळीकडं ईएसपी३२ दिसतो. चांगला आहे, स्वस्त आहे, पण बॅटरीवर चालवायचा की-बोर्ड केला तर वीज फार खातो. एनआरएफची चिप काम नसलं की झोपते आणि झोपेत जवळजवळ काहीच खात नाही. ब्लूटूथ तिच्यातच आहे. प्रोग्रॅमही नव्यानं लिहावा लागला नाही. झेडएमके नावाचं सॉफ्टवेअर आहे, जगभरच्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेलं, फुकट, कुणीही बदलावं असं. आपली जाळी कशी आहे आणि कुठं कुठलं बटण आहे हे एका फाइलीत लिहून द्यायचं, बास. स्विच दाबला की आतला पत्रा क्षणभर थरथरतो आणि एका दाबाचे तीन-चार दाब मोजले जाऊ शकतात. ते पाच मिलिसेकंद थांबून गाळायची सोयही त्यात तयार आहे.

आता अक्षरांचं. कोरी बटणं मिळतात, पण त्यांच्यावर मराठी कोण घालणार? आपल्याकडं भांड्यांवर नावं घालणारे कारागीर आहेत. लग्नात आलेल्या प्रत्येक ताटावर, तांब्यावर, पातेल्यावर "अमक्यांकडून सप्रेम भेट" कोरणारे. असा एक कारागीर गाठला. त्यानं चष्मा वर करून बटण बघितलं, म्हणाला, "हे तर चमच्याच्या दांड्यापेक्षा मोठं हाय." दुपारभरात अक्षरांची सगळी बटणं कोरून दिली. वर घोटून पांढरा रंग भरला आणि पुसला, की अक्षरात तेवढा राहतो. ळ असा सुबक काढलाय की संगणकातला फॉन्ट लाजावा.

सगळा खर्च साडेतीन-चार हजारांच्या घरात गेला. एकेक वस्तू सुटी घेतली म्हणून एवढा. कारखान्यात लाखांनी बनतात म्हणून बाजारातला साधा की-बोर्ड चार-पाचशेला मिळतो, हे मलाही कळतं. सगळ्यांनी घरी बनवा असं माझं म्हणणंच नाही.

*चिपला ‘क’ माहीत नाही, ‘के’पण माहीत नाही*

ही गोष्ट नीट समजून घ्या, सगळा वाद हिच्यावर आहे.

आपल्याला वाटतं की-बोर्ड संगणकाला अक्षर पाठवतो. तसं नाही. तो फक्त आकडा पाठवतो. ज्या बटणावर इंग्रजी के छापलेला असतो त्याचा आकडा १४. जगातल्या कुठल्याही कंपनीचा की-बोर्ड घ्या, तिथं १४च. तो आकडा बघून इंग्रजी के उमटवायचा की मराठी क, हे संगणकातली भाषेची सेटिंग ठरवते. की-बोर्डला त्याचा पत्ताही नसतो.

संगणकात मराठी मांडणी निवडली की कऱ्हाड असं होतं: १४, मग शिफ्ट दाबून १३, मग ७, २४, ८, ४७. म्हणजे क, ऱ, पाय मोडायचं चिन्ह, ह, काना, ड. सहा बटणांत गाव हजर. रफार नाही, खोडाखोड नाही, बातमीतून उसनवारी नाही.

ही मांडणी म्हणजे इनस्क्रिप्ट. मी शोधलेली नाही. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं ती १९८६ मध्ये आखली. भारतीय मानक ब्यूरोनं १९९१ च्या आयएस १३१९४ मानकात ती घेतली. विंडोजमध्ये आहे, लिनक्समध्ये आहे, पैसा पडत नाही. आणि आखणाऱ्यांनी डोकं लावलंय. डाव्या हाताला काना, मात्रा, वेलांटी, उकार. उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. क च्याच बटणावर शिफ्ट दाबलं की ख. ग वर शिफ्ट, घ. त वर थ, प वर फ. ज्याला बाराखडी येते त्याला अर्धा की-बोर्ड आधीच येतो. आणखी एक, कन्नड, गुजराती, तेलुगूतही क त्याच बटणावर आहे. जत-मिरजेकडं दोन भाषांत काम करणाऱ्यांनी ही सोय किती मोठी आहे त्याचा विचार करावा.

म्हणजे आज तुमच्या टेबलावर जो की-बोर्ड आहे तो आतून मराठी आहेच. चिप बदलायची नाही, तार बदलायची नाही, प्रोग्रॅम बदलायचा नाही. फक्त बटणावर दुसरं अक्षर छापायचं राहिलंय.

जगात हे होत नाही का? यूएसबी की-बोर्डच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत की-बोर्ड कुठल्या देशाचा हे सांगायला आकड्यांची यादी आहे. तिच्यात अरबी आहे, हिब्रू आहे, ग्रीक, रशियन, फारसी, कोरियन आहे. तुर्कस्तानच्या तर दोन मांडण्या आहेत. युगोस्लाव्हियासुद्धा आहे, जो देश आता नकाशावर उरलेला नाही. भारत नाही. मेलेल्या देशाला जागा आहे आणि आपल्याला नाही. याचा दोष मी परदेशी कंपन्यांना देणार नाही. मागितलं नाही तर कोण देणार?

*शासन निर्णय आहे, बरं का*

कुणी म्हणेल, शासनानं लक्ष घालायला हवं. शासनानं घातलंय!

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रानं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आपण पेढे वाटले. त्यानंतर चारच महिन्यांनी, ३ फेब्रुवारी २०२५ ला, राज्य शासनानं मराठी भाषा धोरणाचा शासन निर्णय काढला. कार्यालयात मराठीतच बोलायचं, याची बातमी झाली, त्यावर टीव्हीवर भांडणं झाली. त्याच निर्णयात कार्यालयातल्या संगणकांच्या कळफलकावर रोमनबरोबर मराठी देवनागरी अक्षरंही असली पाहिजेत, हे पण आहे. त्यावर कुणी भांडलं नाही. भांडलं नाही म्हणजे सगळ्यांना मान्य होतं असं नाही. कुणी मनावरच घेतलं नाही.

तुम्ही शेवटचं कुठल्या खिडकीवर मराठी बटणं बघितली? कमेंटमध्ये लिहा. बघितली असतील त्या कार्यालयाचं मी जाहीर कौतुक करीन.

दुसरी गंमत ऐका. मी माझा वायरलेस की-बोर्ड विकायला काढला तर काय होईल? २०१२ च्या केंद्र सरकारच्या आदेशानं ज्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंना मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची केली, त्या यादीत वायरलेस की-बोर्ड नावानिशी आहे. शिवाय रेडिओ लहरी सोडतो म्हणून त्याची वेगळी मंजुरी. बरोबरच आहे, बॅटरी पेटू नये, कुणाला झटका बसू नये, हे सरकारनं बघायलाच हवं. पण म्हणजे सरकारला की-बोर्डवर सक्ती करता येते, हे सिद्ध झालं ना? त्याच्या पोटात काय असावं यावर सक्ती, तोंडावर काय असावं यावर नुसती इच्छा.

मोबाइलचं बघा. भारतात विकल्या जाणाऱ्या फोनवर आपल्या सगळ्या अधिकृत भाषा वाचता आल्या पाहिजेत आणि इंग्रजी, हिंदीसोबत आणखी एका भारतीय भाषेत लिहिता आलं पाहिजे, असं मानक सक्तीचं झालं. कंपन्यांनी मुकाट्यानं केलं. कुणाचा धंदा बुडाला नाही.

"पण असे की-बोर्ड मिळतच नाहीत हो." हेही खरं नाही. देवनागरी छापलेले की-बोर्ड भारतीय कंपन्यांनी बनवलेत, ऑनलाइन शोधलं तर सापडतात. कोपऱ्यावरच्या दुकानात नाहीत, कारण कुणी विचारत नाही. आणि या राज्यात सगळ्यात जास्त की-बोर्ड घेणारं मोठं गिऱ्हाईक म्हणजे सरकारच. खरेदीच्या निविदेत एक ओळ घातली, की पुढच्या मालात अक्षरं छापून येतील. एक ओळ!

*याचा त्रास नक्की कुणाला?*

"एवढं काय त्यात, काम तर चाललंय." नाही चाललेलं. माझ्या दुकानात या, रोज दाखवतो.

इंग्रजीत टाइप करून त्याचं मराठी करायचं, या पद्धतीत ल आणि ळ एक होतात. ट आणि त एक, ड आणि द एक, न आणि ण एक. मग काळे चे काले होतात, माळी चे माली होतात, बाळासाहेब बालासाहेब होतात. सॉफ्टवेअर चार पर्याय दाखवतं, हे मान्य. पण रांगेत पन्नास माणसं उभी असताना खाली जाऊन तिसरा पर्याय कोण निवडतो? पहिला येईल तो ठोकला जातो.

एक आजी आल्या होत्या. साळूबाई. एका दाखल्यावर त्यांची सालुबाई झालेली. बँकेच्या पुस्तकात साळूबाई, दाखल्यावर सालुबाई, म्हणून एक काम अडलं. मग प्रतिज्ञापत्र, मग साक्षीदार, मग दोन वेळा एसटीचा हेलपाटा. आजी मराठी चौथी शिकलेल्या आहेत. स्वतःचं नाव स्वच्छ लिहितात, मी बघितलंय. नाव टाइप होताना त्या खिडकीच्या अलीकडंच उभ्या होत्या. पण बटणं होती इंग्रजी आणि पडदा होता पलीकडं तोंड करून. स्वतःचंच नाव चुकताना बघायचीही सोय नाही!

म्हणून माझा की-बोर्ड वायरलेस आहे. लोकांना वाटतं फॅशन. नाही. माझ्या दुकानात नाव टाइप करायची वेळ आली की मी तो उचलतो आणि टेबलाच्या अलीकडं गिऱ्हाइकापुढं ठेवतो. पडदा त्यांच्याकडं वळवतो. म्हणतो, "काका, तुमचं नाव तुम्हीच टाका." पहिल्यांदा बिचकतात. मग एकेक बोट फिरवत शोधतात: मा... रु... ती. बटणावर म दिसतो, दाबतात, पडद्यावर म येतो. कुणालाही शिकवावं लागत नाही, कारण ते आधीच शिकलेत, पहिलीत. सत्तरीच्या बायका टाइप करून गेल्यात. वेळ लागतो? लागतो, एक-दोन मिनिटं. प्रतिज्ञापत्राच्या हेलपाट्यापेक्षा कमीच.

आणि मुलांचं काय? जिल्हा परिषदेच्या शाळेतलं तिसरीचं पोर मराठी झकास वाचतं. संगणकापुढं बसवलं की त्याला सांगायचं, ‘आई’ लिहायला आधी इंग्रजी ए शोध, मग परत ए, मग आय. म्हणजे स्वतःच्या भाषेत लिहायला आधी दुसऱ्या लिपीचा टोल भरायचा. इंग्रजी माध्यमातलं पोर हा टोल सहज भरतं. वाडी-वस्तीवरचं पोर नाक्यावरच थांबतं. आणि मग आपण म्हणतो, खेड्यातल्या पोरांना कॉम्प्युटर जमत नाही.

*ठरलेल्या हरकती, एकदाच उत्तर देतो*

"आता बोलून टाइप होतंय, बटणं कशाला?" माझ्या दुकानात या सकाळी अकराला. झेरॉक्स चालू, बाहेर ट्रॅक्टर, रांगेत तिघांची भांडणं. त्यात बोलून आडनाव टाइप करून दाखवा. बरं, इंटरनेट गेलं की? आणि आपला आधार नंबर, जमिनीचा गट नंबर, घरची भानगड चारचौघांत मोठ्यानं सांगत बसायची का?

"आमच्या बोटांत रेमिंग्टन बसलंय." बसू द्या. ज्या टायपिस्टांनी क्लास लावून टाइपरायटरवर हात बसवला, ते बटणाकडं बघतच नाहीत. बटणावर इनस्क्रिप्ट छापलं म्हणून त्यांची रेमिंग्टन सेटिंग कुणी काढून घेत नाही. छापलेलं अक्षर नव्या माणसासाठी आहे.

"स्टिकर लावा की." लावलेत. रोज वापरात आले की चार-सहा महिन्यांत ‘ा’ आणि ‘े’ आधी झिजतात, कारण मराठीत त्यांच्यावाचून चालत नाही. कडा उचलतात, बोटाला चिकट लागतं. शाळेत तात्पुरतं म्हणून ठीक. पण अभिजात भाषा स्टिकरवर?

"मराठी टाइप करणारे आहेतच किती?" हे म्हणजे विहिरीवर पोहरा ठेवायचा नाही आणि म्हणायचं, गावात कुणाला तहानच नाही. फोनवर सगळं गाव मराठी लिहितंय की! ही पोस्ट तुम्ही मराठीतच वाचताय. फोनच्या पडद्यावर क दिसतो म्हणून लोक क लिहितात.

आणि एक आठवण जुन्या लोकांना करून देतो. कचेरीतला मराठी टाइपरायटर आठवा. १९५५ पासून गोदरेज भारतात टाइपरायटर बनवत होतं, रेमिंग्टनची मशीन तर त्याआधीपासूनची. त्या लोखंडी मशीनच्या बटणांवर काय होतं? मराठी अक्षरं. सायकलवर डबा बांधून येणारा कारकून मराठी बटणांवर आदेश काढत होता. राज्य स्थापन झाल्यावर दोनच महिन्यांत, ६ जुलै १९६० ला, भाषा संचालनालय सुरू झालं. मुख्यमंत्री होते आपल्या कराडचे यशवंतराव चव्हाण. राज्यकारभार लोकांच्या भाषेत चालला पाहिजे, हे त्या पिढीला कळत होतं. मग संगणक आला आणि बटणांवरची मराठी गुपचूप निघून गेली. मोर्चा नाही, निवेदन नाही. लोखंडावर होती ती प्लास्टिकवर टिकली नाही. पुढं गेलो म्हणायचं की मागं?

*आपण भांडतो कशासाठी?*

भाषेसाठी आपण भांडत नाही असं कोण म्हणेल? २०२५ च्या जूनमध्ये पहिलीपासून हिंदीच्या प्रश्नावर एवढा गदारोळ झाला की शासनाला दोन्ही निर्णय मागं घ्यावे लागले. दुकानांच्या मराठी पाट्यांवरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढाई झाली. दोन्ही वेळा मी आनंदीच होतो. पण दुकानाच्या पाटीवर मराठी हवी म्हणून हट्ट धरणारे आपण, त्याच दुकानाच्या काउंटरवर, हाताच्या अंतरावर असलेल्या शंभर बटणांकडं कधी बघत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

या गावात दोन साहित्य संमेलनं झालीत. १९७५ ला दुर्गा भागवत अध्यक्ष होत्या, २००३ ला सुभाष भेंडे. मराठी विश्वकोशाचं घर आपल्याच जिल्ह्यात, वाईला. आणि वस्तू बनवायचं म्हणाल तर तीही परंपरा आहे. १९१० ला लक्ष्मणराव किर्लोस्करांनी माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. आपल्या उंबऱ्यावरच्या ओगलेवाडीतून प्रभाकर कंदील घराघरात गेला. परदेशी कंदिलाला स्वदेशी कंदील हे उत्तर होतं. शब्दांची माणसंही इथलीच आणि यंत्रांची माणसंही इथलीच. या दोघांनी एकत्र बसून बनवायची वस्तू कुठली, तर मराठी की-बोर्ड!

सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज १९६० पासून गावात आहे. आसपास आणखी कॉलेजं आहेत. दरवर्षी शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टची धांदल उडते. काळ्या रेघेवरून चालणारी गाडी, झाडाला पाणी घालणारी मोटर, कित्येकदा तयार विकत आणलेली. पोरांनो, त्यापेक्षा हे करा. जाळी, डायोड, चिप, ब्लूटूथ, बॅटरी, युनिकोड, सगळं एका वस्तूत शिकायला मिळतं. आणि तोंडी परीक्षेनंतर ती माळ्यावर जात नाही. गावच्या शाळेत देता येते.

*माझं मागणं*

एक. नगरपालिका, पंचायत समिती, ग्रामपंचायती, शाळा, पतसंस्था, बाजार समिती. पुढच्या खरेदीच्या निविदेत एवढंच लिहा: "की-बोर्डच्या बटणांवर रोमनसोबत इनस्क्रिप्ट मांडणीची देवनागरी अक्षरं न पुसणारी छापलेली असावीत." चालू की-बोर्ड फेकू नका. खराब होतील तसे बदला.

दोन. जिथं नागरिकाचं नाव टाइप होतं त्या खिडकीवर पडदा नागरिकाकडं वळवा. जमलं तर एक मराठी की-बोर्ड अलीकडच्या बाजूला ठेवा. याला शासन निर्णय लागत नाही, इच्छा लागते.

तीन. जिल्हा परिषदेच्या शाळेत संगणक आहे तिथं निदान एक मराठी की-बोर्ड. गावातल्या एका गणेश मंडळाच्या एका रात्रीच्या साउंडच्या भाड्यात पाच शाळांचं भागेल.

चार. हे तुमच्या-माझ्यासाठी. माहितीचा अधिकार आहे, वापरा. अर्ज दीडशे शब्दांत, एका विषयावर, दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर. विचारायचं एवढंच: ३ फेब्रुवारी २०२५ नंतर आपल्या कार्यालयानं किती की-बोर्ड खरेदी केले आणि त्यांतल्या कितींवर देवनागरी अक्षरं आहेत? अर्जाचा नमुना माझ्या दुकानात फुकट. टाइपही फुकट करून देतो, नाव तेवढं तुम्ही स्वतः टाकायचं.

मी कुठल्या पक्षाचा नाही. ज्या नगरसेवकाला, ज्या सदस्याला हा विषय सभेत मांडायचाय त्यानं घ्यावा, श्रेयही घ्यावं, फ्लेक्सही लावावा. फक्त फ्लेक्सवर शुद्धलेखन तपासा.

की-बोर्डची जोडणी, बटणांचा नकाशा आणि चिपमध्ये घालायची फाइल मागेल त्याला देतो. पैसे नकोत. डाग देता येत नसेल तर रविवारी दुकानात या, शिकवतो, दोन तासांत हात बसतो. भांड्यांवर नाव घालणाऱ्या कारागिराशीही बोललोय. तो म्हणाला, "पाठवा किती बी. लग्नसराई सोडून कवाबी करून देतो."

तेव्हा उद्या दाखला काढायला गेलात, तर खिडकीवर एक प्रश्न विचारा: "मराठी बटणं कुठंयत?" "नाहीत" म्हणाले तर लेखी मागा. आणि "चालतंय की" म्हणाले, तर सांगा, साळूबाईंचं नाही चाललं.